झडपेमागून गेलेली नस

चक्की चालवणाऱ्या माणसाचं शिक्षण कमी असलं तरी भागतं, कान चांगला लागतो. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. जानेफळात माझी पिठाची चक्की आहे, ती बापाच्या हातून माझ्या हातात आली. पट्टा सैल झाला, दगडाला छिन्नीनं टाकी लावायची वेळ झाली, वरच्या डब्यातले दाणे संपत आले, हे मला पाठमोरं बसूनही कळतं. डबा भरलेला असला की चक्की घुमते. दाणे संपले की खणखणते. नव्या माणसाला वाटतं, वा, आता जोरात चालली. खरं म्हणजे तेव्हाच ती बंद करावी लागते, नाहीतर दगड दगडाला खातो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मला सगळं आवाजाचंच सांगायचं आहे.

माझी घरची, म्हणजे बायको, सगळी हयात या चक्कीवर बसली. कोणाचा पिपा कोणता, कोणाला बारीक लागतं, कोणाला भरड, ते तीच पाहायची. तोंडाची तिखट होती. एखादी बाई म्हणाली की पीठ कमी भरलं, तर ही म्हणायची, "बाई, आम्ही दाणे खात नाई, आवाज खातो." तिला कधी मोठं दुखणं आलं नाही. थोडी धाप लागायची, ती वयाची म्हणून आम्ही सोडून दिली.

आमची एकच लेक, ती लोणारला दिली. तूर निघाल्यावर आम्ही दोघं तिच्याकडं गेलो होतो. घरची म्हणाली, खाली सरोवरापाशी उतरून देवीचं दर्शन घेऊ. उतरताना काही झालं नाही. खाली पाणी हिरवं पडलं होतं, हलत नव्हतं, त्याचा तो आंबूस वास येत होता. वर येताना अर्ध्या चढावर ती एका दगडावर टेकली.

"काऊन वं, थकली?"

"थकली नाई. डोळ्याफुडं काळं आलं."

एवढं म्हणाली आणि दगडावरून घसरून पडली. पदर डोक्यावर होता तो तसाच राहिला. मी हाका मारल्या. माझा आवाज त्या खड्ड्यात फिरून माझ्याकडंच आला. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "पाहून काय राह्यले, उचला न मले."

मेहकरच्या डॉक्टरनं तिच्या छातीवर नळी ठेवली. पुष्कळ वेळ त्यानं नळी उचललीच नाही. मग त्यानं ती माझ्या कानात घातली. म्हणाला, तुम्ही चक्कीवाले, ऐका. धडधड मला ओळखू आली. पण दोन ठोक्यांच्या मधे एक खरखर होती, चाळणीवरून भरड घासत जावी तशी. चक्कीत असा आवाज आला असता तर मी हात लावायच्या आधी बटण बंद केलं असतं.

बुलढाण्याला छातीचा फोटो झाला, पडद्यावर हृदय हलताना दिसतं तो. तिथं कळलं की हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप बिघडली आहे. लोकांच्या झडपेला तीन पाकळ्या असतात, हिच्या जन्मापासून दोनच, आणि त्याही चुना धरून दगड झाल्या होत्या. रक्ताला जायला नुसती फट उरली होती. झडप बदलावी लागेल, औरंगाबादला जा, म्हणाले.

औरंगाबादच्या दवाखान्यात पहिलं काम निघालं ते अँजिओग्राफीचं. मनगटातून बारीक नळी घालून थेट हृदयापाशी नेतात, औषध सोडतात आणि नसा पडद्यावर पाहतात. या वयात झडपेला हात लावायच्या आधी नसा पाहून घेतात, नेहमीचंच काम आहे, तुम्ही चहा घेऊन या, असं तिथल्या पोरीनं सांगितलं. मी गेलो नाही. दाराबाहेर बसून राहिलो.

नेहमीच्या कामाला लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ झाला. हिच्यानंतर ज्यांचा नंबर होता ते लोक एकमेकांकडं पाहायला लागले. मग दुसरा एक डॉक्टर आला. त्याच्या हातात अर्धी खाल्लेली पोळीची गुंडाळी होती. ती त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, हात पुसले आणि आत गेला. त्या पोळीवर माशी बसली. माशी उडाली, परत बसली. पोळी वाळून कडा वर आल्या तरी तो बाहेर आला नाही.

नंतर घरची मला म्हणाली, "माह्या डोक्यापाशी उभे राहून नुसते म्हणून राह्यले, कुठी गेली, कुठी गेली. मले वाटलं, याईची सुई हरपली माह्या आंगात."

सुई नव्हती, नस हरवली होती. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनं आम्हाला खोलीत बोलावलं. वयानं माझ्या लेकीएवढा असेल. हळू बोलायचा, आणि बोलताना कागदाकडं न पाहता तिच्याकडं पाहायचा. त्यानं डावी मूठ टेबलावर ठेवली आणि उजव्या बोटानं दाखवलं.

"हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. ते देणारं एक खोड डावीकडून निघतं, त्याला दोन फांद्या. तुमची एक फांदी डावीकडं नाहीच. आम्ही तिथं शोधत बसलो. ती निघते उजवीकडून, आणि झडपेच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला जाते."

मी विचारलं, "हा रोग हाये का?"

"रोग नाही. जन्माची ठेवण आहे, क्वचित असते. अशी नस घेऊन माणसं म्हातारी होतात, त्यांना पत्ताही लागत नाही. पण यांची झडप बदलायची आहे. नवी झडप ज्या कडेला शिवायची, त्या कडेला चिकटूनच ती नस जाते. टाका खोल गेला तर नस टाक्यात येईल. झडपेचं कडं घट्ट बसलं तर नस दबेल."

"मंग दुसऱ्या आंगानं बसवा न."

"झडप गोल आहे बाबा. तिला दुसरं अंग नाही."

मी पुन्हा विचारलं, "आन ही नस दिसली नसती तर?"

तो म्हणाला, "तर आम्ही सरळ टाके घातले असते."

घरची इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, जन्मापासून हाये म्हणता, मंग इतके वर्सं हे बाई मांगच्या दारानं पाणी भरून राह्यली आन आम्हाले खबर नाई? माह्यासारखीच दिसते. सासरी मीबी मांगच्या दारानंच पाणी आणलं."

डॉक्टर हसला, पण लगेच पुन्हा मुठीकडं पाहायला लागला. ते मला आवडलं नाही.

तिला मोठ्या यंत्रात घालून त्या नसेची वाट नीट पाहिली. वाट डॉक्टरला वाटली होती त्याहून जवळची निघाली. त्यानं काही लपवलं नाही. झडप तशीच ठेवली तर ही चढावर पडली तशी कधीतरी पुन्हा पडणार आणि तेव्हा उठणार नाही. बदलायला गेलो तर त्या नसेचा भरवसा नाही. दोन्हीकडं तिचाच जीव होता. लेक रडायला लागली. घरचीनं तिला दटावलं, "तू काऊन रडून राह्यली? छाती माही कापाची हाये." मग डॉक्टरला म्हणाली, "तुमचा हात कापते का हो?"

त्यानं दोन्ही हात पुढं धरले. तिनं ते पिठाचा पोत पाहावा तसे पाहिले, आणि म्हणाली, "करा."

झडप कशाची बसवायची तेही तिनंच ठरवलं. एक जनावराच्या हृदयावरच्या आवरणापासून केलेली मिळते, दुसरी यंत्रासारखी, कडक. ती म्हणाली, जनावराचं नको, यंत्राचीच बसवा. यंत्राच्या झडपेला रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि तिचा आवाज येतो, असं डॉक्टरनं बजावलं. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "आवाजाची सवय हाये आम्हाले."

ऑपरेशनच्या दिवशी मी, लेक आणि जावई दाराबाहेर बसलो. दवाखान्याचा माणूस मधून मधून बाहेर यायचा, दुसऱ्यांचीच नावं घ्यायचा. शेवटी डॉक्टर स्वतः आला. डोक्याची टोपी काढली होती, कपाळावर तिचा वळ उठला होता. तो आधी खुर्चीत बसून पाणी प्याला.

"झडप बसली. त्या बाजूचे टाके वरवर घेतले, माप लहान निवडलं. पण हृदय परत चालू केलं तेव्हा त्याची डावी बाजू हलेना. नस दबली होती."

लेकीनं माझा दंड धरला.

"मग पायाची नस काढली, आणि दबलेल्या जागेच्या पुढं नेऊन जोडली. नवी वाट करून दिली. त्याच्यानंतर डावी बाजू हलायला लागली. आता चालू आहे."

काम झाल्यावर माणूस जसा हात झटकून उठतो, तसा तो उठला नाही. खुर्चीत बसूनच राहिला. मी चक्की दुरुस्त करून देणारे मिस्त्री पुष्कळ पाहिले आहेत. चालू झाली खरी, पण बाबा लक्ष ठेव, असं तोंडानं न म्हणता सांगणारा मिस्त्री मला ओळखू येतो.

घरी पाठवताना त्यानं आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. "हा जो टक टक आवाज येईल तो झडपेचा. पायाच्या नसेला आवाज नाही. ती बंद पडली तर काही वाजणार नाही. घाम सुटला, मळमळलं, पाठीत, हातात, जबड्यात कळ आली, तर आवाज ऐकत बसू नका. निघा." आम्ही तिघांनी माना हलवल्या. घरचीनंही हलवली.

घरी आलो आणि तो आवाज आमच्यात राहायला आला. भिंतीवरच्या घड्याळासारखा होता, पण बारीक आणि कडक, दोन गारगोट्या एकमेकीवर हळूच आपटाव्या तसा. चक्की चालू असली की ऐकू यायचा नाही. चक्की बंद केली की खोलीत तेवढाच उरायचा. सुरुवातीला तिला लाज वाटायची. बाया पीठ न्यायला आल्या की छातीवर पदर दाबून धरायची. शेजारची सून एक दिवस म्हणाली, "काकू, किती वाजले हो?"

"तुह्या सासूची भांडाची वेळ झाली. जाय पटकन घरी."

तेव्हापासून तिची लाज गेली. गावातल्या बायांना ती बोलावून ऐकवायची. म्हणायची, पहिले याईची एक चक्की होती, आता माही येगळी बसवली.

जेवण झालं की आमचं एक ठरून गेलं होतं. मी बटण बंद करायचो. पट्टा फडफडत थांबायचा. ती पोत्यावर बसायची, मी खाली वाकून तिच्या छातीपाशी कान न्यायचो.

"वाजून राह्यली का?"

"वाजून राह्यली."

"मंग करा चालू."

असं रोज चाललं. गोळी तिनं कधी चुकवली नाही. त्या गोळीवर चालत नाही म्हणून पालेभाजी जपून खायची. रक्त तपासायला मेहकरला जायचो, तिथला डॉक्टर नळी लावून म्हणायचा, झडप मस्त आहे. आम्ही आनंदानं परत यायचो. झडप मस्त आहे म्हणजे सगळं मस्त आहे, असं कोणी सांगितलं नव्हतं. ते आमचं आम्हीच धरून घेतलं. जे वाजतं त्याची खबर मिळते, मग जे वाजत नाही त्याची आठवण राहत नाही. झडपेमागच्या त्या नसेचं नाव आमच्या घरात कोणी घेईनासं झालं.

पावसाळा लागला. सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलं. ती थोडी मंद झाली होती. पिपा तर उचलायची नाहीच, बोलायचीही कमी. पोत्यावर बसून बाहेर रस्त्याकडं पाहत राहायची. मी विचारलं की म्हणायची, "काई नाई, गरमते."

पोळा झाला. पोळ्याला तिनं पुरण वाटलं, बैलांना दारात ओवाळलं, दोन पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिला मळमळायला लागलं. मानेवर घाम आला होता. म्हणाली, पाठीत भरून आलं आहे आणि दाढ ठणकून राहिली. शेजारची सून आली होती, ती म्हणाली, "काकू, पुरण बाधलं तुमाले. दाढंले गोड लागलं असन." तिनं घरून ओवा आणून दिला. घरचीनं ओवा चावला, दाढेत लवंग धरली आणि नेहमीसारखी पोत्यावर बसली.

मी बटण बंद केलं. पट्टा थांबला.

"वाजून राह्यली का?"

मी कान लावला. इतक्या दिवसांत कधी नव्हती इतकी चोख वाजत होती. लुगड्यावरूनही टक टक मोठी येत होती, नेहमीपेक्षा जलद.

"वाजून राह्यली."

तिनं डोळे मिटले. शेजारची सूनही वाकून ऐकून गेली, म्हणाली, ठणठणीत हाये काकू. लेकीला फोन लावला. ती पलीकडून पहिलं तेच बोलली, "बाबा, आवाज येते का?"

"येते. चांगला येते."

"मंग पित्त असन. निजू द्या तिले थोडं. बरं नाई वाटलं तर मेहकरले नेजा."

जबडा आणि पाठ आणि घाम, तिन्ही तिच्या अंगावर आमच्यासमोर होते. मी, शेजारची सून आणि फोनवरची लेक, आम्ही तिघं त्या आवाजाकडं पाहत होतो.

तिला आतल्या खाटेवर निजवलं आणि मी चक्की चालू केली. दोन गिऱ्हाईकं थांबली होती. एकाची ज्वारी टाकली. त्याच्याशी पोळ्याच्या बैलांचं काहीबाही बोलत होतो, कोणाची जोडी चांगली होती असं. बोलण्याच्या नादात वरचा डबा रिकामा झाला आणि चक्की खणखणायला लागली. गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, रिकामी चालून राह्यली तुमची."

मी बटणावर हात ठेवला आणि तो आवाज माझ्या पाठीतून खाली गेला. बटण दाबलं. पट्टा थांबायची वाट न पाहता आत गेलो.

तिचा चेहरा ज्वारीच्या पिठासारखा झाला होता. ओठ निळसर. लवंग उशीवर पडली होती. खाटेपासून दोन हातांवरून मला ती टकटक ऐकू आली.

"काय होते वं?"

"कोणीतरी छातीवर बसलं हाये," ती म्हणाली. "उठवा त्याले."

शेजाऱ्याची जीप होती. त्यानं आणि गिऱ्हाइकानं मिळून तिला मागं निजवलं, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मेहकरचा रस्ता. पावसानं जागोजागी उखडलेला, जीप आदळत होती. मी वाकून कान तिच्या छातीला लावून ठेवला. टक टक जलद होत गेली. मग मधेच एखादी गळायला लागली. मी तिला सांगत होतो, वाजून राह्यली, वाजून राह्यली. तिनं विचारलं नव्हतं.

मेहकरची घरं दिसायला लागली तेव्हा मला आवाज येईना. मला वाटलं, जीपचाच फार झाला. मी शेजाऱ्याला म्हटलं, "बंद कर."

"दादा, आलंच मेहकर."

"बंद कर म्हणतो न."

त्यानं रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बाजूच्या वावरात कोणीतरी बैलांना हाकत होतं, ते ऐकू आलं. कुठंतरी पाणी वाहत होतं, तेही ऐकू आलं. मी कान आणखी दाबला.

शेजाऱ्यानं मला न विचारता जीप परत चालू केली.

मेहकरच्या डॉक्टरनं नळी लावली. या वेळेला त्यानं ती लवकर उचलली. त्यानं औरंगाबादच्या डॉक्टरला फोन केला. बोलणं झाल्यावर माझ्यापाशी येऊन बसला, म्हणाला, पायाची नस बंद पडली असणार. आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाला, "झडप शेवटपर्यंत चांगली होती."

राख सावडायला तिसऱ्या दिवशी गेलो. भाऊबंद, जावई, गावातली चार माणसं. राखेवर पाणी शिंपडून अस्थी वेचायला सुरुवात झाली. मी खाली बसलो आणि राखेत बोटं घालून चाळायला लागलो. छातीची जागा कोणती ते मला माहीत होतं. माझ्या मागं एकजण हळूच म्हणाला, "म्हतारा डोरल्याचं सोनं पाहून राह्यला." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. मी मागं पाहिलं नाही.

ते मिळालं. झडपेचं काळं पडलेलं छोटं कडं, अंगठीएवढं. पाकळ्या राहिल्या नव्हत्या. पदरानं पुसायची सवय तिची, माझ्याजवळ पदर कुठला, मी धोतरानं पुसलं. कुठं वाकलेलं नव्हतं, कुठं तडा नव्हता. त्याच्या मागून ती नस जात होती, याच कडेला लागून. मी त्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं काहीच नव्हतं.

जावयानं विचारलं, "मामा, हे ठेवता का?"

"काऊन ठेवू? हे तिचं नोहे. बसवलेलं हाये."

अस्थींबरोबर कडं पैनगंगेत सोडलं. राख थोडा वेळ पाण्यावर राहिली. कडं लगेच खाली गेलं.

चक्की मी अजून चालवतो. लेक म्हणते लोणारला या, मी जात नाही. जेवण झालं की बटण बंद करतो, पट्टा फडफडत थांबतो. पोतं तिथंच आहे. मग थोडा वेळ बसतो आणि चालू करतो.